नेम

यंदाच्या नवरात्रात आमच्या घरी एक वाद उपस्थित झाला. तो घरगुती होता आणि घरातच मिटावा अशी माझी इच्छा होती. परंतु आपल्या मंडळाच्या आणखी दोन-तीन सभासद कुटुंबांतही हाच प्रश्न निरनिराळ्या रूपाने विचारला जात असल्याचे कानी आले, म्हणून संपादकांच्या अनुज्ञेने तो येथे मांडीत आहे.

आमची नात, वय वर्षे चौदा, गेल्या जूनपासून नेमबाजी शिकू लागली आहे. विजयादशमीस आपण सारेच आपापल्या घरी शस्त्रपूजन करतो. आमच्या पाटावर पणजोबांच्या वेळची एक गंजलेली तलवार, विळी, अडकित्ता, चिरंजीवांची हत्यारांची पेटी आणि अलीकडे एक संगणक, एवढी सामग्री असते. अष्टमीच्या दिवशी नातीने सहज विचारले, "आजी, माझी रायफलसुद्धा ठेवायची ना?" आणि सौ. एकदम म्हणाली, "ती नको." कारण विचारता तिने जे सांगितले ते विचार करण्याजोगे होते. ती म्हणाली, "तलवार या घरात केव्हाच मेली आहे. विळी भाजी चिरते. तुझी ती वस्तू मात्र जिवंत आहे. जीव घेण्याची विद्या मुलीला खेळ म्हणून शिकवायची, ती शिकवीत आहात, मी काही बोलले नाही. पण वर ती देवापुढेही ठेवायची?"

चिरंजीवांनी नेहमीचे उत्तर दिले. २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्रा यांनी सुवर्णपदक मिळविले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे विश्वविजेत्या झाल्या. २०२४ साली पॅरिसला मनू भाकर हिने दोन पदके आणली आणि कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्निल कुसळे याने पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक पटकाविले. हे सर्व खरे आहे आणि अभिमानास्पदही आहे. परंतु सौ.च्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. पदक मिळते म्हणून विद्या निर्दोष ठरत नाही. मारण्याचे साधन हाती धरावयास शिकणे, मग समोर कागदच का असेना, हे मुळातच मनाला मलिन करणारे आहे काय, असा तिचा प्रश्न होता. मी त्या वेळी गप्प बसलो. गप्प बसण्याचे कारण निराळे होते; ते पुढे येईल.

प्रथम, ती मुलगी तेथे काय शिकते ते सांगितले पाहिजे, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी नेमबाजी पाहिली आहे ती चित्रपटात. जूनपासून आठवड्यातून तीन दिवस तिला पोहोचविण्याचे काम माझ्याकडे आहे, आणि मागच्या बाकावर बसून मी सर्व पाहत असतो. पहिले तीन आठवडे तिला एकही छर्रा मिळाला नाही. उभे कसे राहावे, पावले किती अंतरावर असावीत, डाव्या हाताचे कोपर कमरेच्या हाडावर कसे टेकवावे, एवढेच. स्पर्धेतील रायफलीचे वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकते. ते स्नायूंच्या जोरावर पेलू गेल्यास पाच मिनिटांत हात कापू लागतो. हाडांवर टेकविल्यास तासभर पेलवते. नंतर रिकाम्या रायफलीचा चाप ओढण्याचा सराव. छर्रा नाही, आवाज नाही, समोर कोरी पांढरी भिंत. माझ्यासारख्या पाहणाऱ्याला कंटाळा येई. तिला येत नव्हता, याचे मला नवल वाटे.

मग लक्ष्य आले. अंतर दहा मीटर. छर्रा साडेचार मिलिमीटर जाडीचा. आणि ज्यास 'दहा' म्हणतात तो लक्ष्याचा मध्य म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा एक ठिपका, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. स्पर्धेत असे साठ छर्रे सव्वा तासात सोडावयाचे असतात. हे ऐकून मला वाटले की, या मुलीला आता त्या ठिपक्याकडे टक लावून पाहावयास शिकवतील. झाले उलटेच. प्रशिक्षकांनी सांगितले, "लक्ष्य अंधुक दिसू दे. स्पष्ट दिसली पाहिजे ती तुझी माशी." माशी म्हणजे नळीच्या टोकाशी असलेली नेम धरण्याची खूण. माणसाचा डोळा एकाच वेळी जवळचे व दूरचे दोन्ही स्पष्ट पाहू शकत नाही. एकाचा त्याग करावाच लागतो, आणि येथे त्याग करावयाचा तो लक्ष्याचा. जे साधावयाचे ते धूसर राहू द्यावे आणि जे आपल्या हाती आहे ते लख्ख पाहावे, अशी ती शिस्त आहे.

याहून मोठी अडचण पुढे आहे. रायफल कधीच स्थिर राहत नाही. श्वासाने हलते, हृदयाच्या ठोक्याने हलते. माशी त्या काळ्या वर्तुळाभोवती मंदपणे हिंडत राहते, आणि नवशिका काय करतो, तर ती नेमकी मध्यावर आलेली दिसताच "आता!" म्हणून चाप खेचतो. त्या 'आता'नेच सारे बिघडते. खेचण्याचा धक्का बोटातून मनगटात व मनगटातून नळीत जातो आणि छर्रा बाजूला लागतो. म्हणून शिकविले जाते की, हलणे मान्य करा. चाप इतका सावकाश दाबा की तो सुटला केव्हा हे तुमचे तुम्हालाही अगोदर कळू नये. आणि श्वास रोखल्यापासून आठ-दहा सेकंदांत तो सुटला नाही, तर रायफल खांद्यावरून खाली घ्या. डोळा थकतो, मन उतावीळ होते. त्यानंतर सोडलेला छर्रा वाईटच जातो. खाली घ्या, श्वास घ्या, पुन्हा उचला.

नेमबाजीतील सर्वांत कठीण गोष्ट हीच आहे, असे मला इतक्या महिन्यांच्या पाहण्यावरून वाटू लागले आहे. उचललेली रायफल न झाडता खाली घेणे नवशिक्यास पराभवासारखे वाटते. आमच्या नातीस पहिला महिनाभर ते जमत नव्हते. एकदा उचलली की ती झाडावयाचीच. आता एका छर्र्यासाठी ती कधी दोनदा, कधी तीनदा रायफल खाली घेते. मराठीत 'नेम' हा शब्द आपण एकादशीच्या व्रतालाही लावतो व बंदुकीच्या रोखालाही लावतो. भाषा घडविणाऱ्या आपल्या पूर्वजांनी हे बुद्ध्या केले असे मी म्हणत नाही, पण त्या मुलीकडे पाहताना दोन्ही अर्थ एका जागी आलेले दिसतात खरे.

येथे कोणासही द्रोणाचार्यांची परीक्षा आठवेल. झाडावरील पक्षी; युधिष्ठिरास झाड दिसते, गुरू दिसतात, बंधू दिसतात; अर्जुनास काही दिसत नाही, एक पक्ष्याचे मस्तक तेवढे दिसते. कीर्तनकारांनी त्या मस्तकाचा डोळा केला. लहानपणी ही कथा ऐकताना युधिष्ठिर नापास झाला याचे मला वाईट वाटे. आज मैदानावर बसून असे वाटते की, त्यालाही काही गुण द्यावयास हवे होते. कारण हल्ली जगातील कोणत्याही मैदानावर नवशिक्यास शिकवितात ते प्रथम युधिष्ठिराचे उत्तर. माझ्या उजवीकडे कोण आहे, डावीकडे कोण आहे, लक्ष्याच्या पुढे कोणी गेलेले नाही ना, आणि लक्ष्याच्या मागे काय आहे? पॉइंट टू-टूची ती चिमुकली गोळी मैलाहून अधिक दूर जाऊ शकते. ती कागदाशी थांबत नाही. हे सारे पाहून झाल्यावर मगच अर्जुन व्हावयाचे. शिवाय मूळ भारतात तो पक्षी कारागिरांकडून करवून घेतलेला, कृत्रिम होता, हेही आपण विसरतो. आचार्यांनी जिवंत पक्ष्यावर शिष्यांची परीक्षा घेतली नाही.

आणि आपल्या पुराणांनी दुसऱ्या बाजूची साक्ष किती वेळा दिली आहे! तरुण दशरथास शब्दवेधी म्हणून केवढा अभिमान होता. शरयूच्या काठी, अंधारात, घट भरण्याचा बुडबुड आवाज आला. हत्ती पाणी पितो आहे असे समजून त्याने बाण सोडला. बाण अचूक लागला. चूक हाताची नव्हती. जे पाहिले नव्हते ते ठाऊक आहे असे त्याने मानले, एवढीच चूक होती. तो आंधळ्या मातापित्यांचा मुलगा होता, ज्यास आपण श्रावण म्हणतो. दशरथाने हे कौसल्येस सांगितले ते राम वनात गेल्यावर, मृत्यूच्या रात्री. उभी हयात तो ते मनात घेऊन वावरला. पांडूने हरिण म्हणून बाण मारला, ते किंदम ऋषी निघाले. आणि सौराष्ट्रात प्रभासाजवळच्या ज्या भालका तीर्थास आपल्यापैकी पुष्कळजण सोमनाथाच्या यात्रेत जाऊन आले आहेत, तेथली कथा तर सर्वांस ठाऊक आहे. जरा नावाच्या व्याधाने झाडाखाली पहुडलेल्या श्रीकृष्णाच्या पायावर बाण सोडला तो मृग समजूनच. तिघेही नेम धरण्यात वाकबगार होते. तिघांचेही बाण जेथे जावयाचे तेथेच गेले.

आता मी अष्टमीच्या दिवशी गप्प का बसलो ते सांगतो.

१९६६ साल होते. चीनच्या युद्धानंतर १९६३ पासून महाविद्यालयीन मुलांना राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची झाली होती, आणि त्या हिवाळ्यात आमच्या तुकडीचे शिबीर शहराबाहेर भरले होते. तेथे आम्हांस पॉइंट टू-टू रायफल दिली गेली. पालथे पडून, पंचवीस यार्डांवरच्या लक्ष्यावर, प्रत्येकी पाच गोळ्या. शिकविणारे सैन्यातील एक हवालदार होते; आम्ही त्यांस रीतीप्रमाणे उस्ताद म्हणत असू. आदल्या वर्षीच्या पाकिस्तानच्या लढाईत ते होते असे सारे म्हणत. ते स्वतः त्याविषयी अवाक्षर काढीत नसत. नवशिक्याचे भय उघडे पाडण्याची त्यांची एक युक्ती होती. काडतुसांत ते गुपचूप एक पोकळ काडतूस मिसळून देत. आपण चाप ओढावा, आवाज होऊ नये, आणि धक्का येणार या धास्तीने आपण नळी अगोदरच कशी खाली दाबली ते सर्वांना दिसावे! माझी नळी वीतभर खाली गेली. मुले हसली. मला ते फार लागले.

दुसऱ्या दिवशी माझ्या गोळ्या चांगल्या जात होत्या. पाच झाल्या असे मी मोजले. झाल्या होत्या चार. कालचे हसणे मनात होते, मी गुडघ्यांवर उठलो आणि रायफल हाती तशीच धरून, "पाहिलेस का?" म्हणत, मागे बसलेल्या माझ्या वर्गबंधूकडे वळलो. बोट चापावर होते. का होते? तेथेच राहिले होते, एवढेच उत्तर आहे. उस्तादांनी एका ढांगेत येऊन नळीवर हात मारला आणि त्याच क्षणी ती झाडली गेली. गोळी माझ्या वर्गबंधूच्या गुडघ्यापासून फार तर वीतभर अंतरावर जमिनीत गेली. थोडी धूळ उडाली. आवाजही मोठा नव्हता.

उस्तादांनी मला मारले नाही, शिव्याही दिल्या नाहीत. शिबिराचे उरलेले सहा दिवस रोज संध्याकाळी तुकडीच्या साऱ्या रायफली माझ्यापुढे ठेविल्या जात. प्रत्येकीचा बोल्ट उघडावयाचा, आत पाहावयाचे, बोट घालून चाचपावयाचे आणि मोठ्याने सांगावयाचे की, रिकामी आहे. मी सांगितले की ते म्हणत, "फिर देखो." मी म्हणे, "उस्ताद, आत्ताच पाहिली." ते पुन्हा तेच दोन शब्द म्हणत. तिसऱ्या दिवशी मला राग आला; मी म्हणालो की, मला ठाऊक आहे ती रिकामी आहे. तेव्हा ते प्रथमच माझ्याजवळ बसले आणि हिंदीत म्हणाले की, परवाही तुला ठाऊकच होते.

'बंदूक नेहमी भरलेलीच समजावी' हा नियम आज नातीच्या मैदानावर भिंतीवर लिहिलेला आहे. वरवर पाहता तो तर्काला धरून नाही. रिकामी आहे हे मी डोळ्यांनी पाहिले, तरी भरलेली समजावयाची? होय, कारण नियम बंदुकीविषयी नाही, माझ्या 'ठाऊक आहे'विषयी आहे. माणसाच्या हातून घडणाऱ्या हिंसेचा केवढा तरी भाग द्वेषातून नव्हे, खात्रीतून घडतो. माझा त्या मुलावर तिळमात्र राग नव्हता. तो माझा जिवलग होता. पुढे तो आमच्या घरी वर्षानुवर्षे येत राहिला, त्याने त्या दिवसाचा उच्चार केला नाही, आणि मीही केला नाही. क्षमा मागावयाची तर विषय काढावा लागेल, आणि विषय काढला तर त्याला ते पुन्हा दिसेल, अशी मी मनाची समजूत घालीत असे. वास्तविक मला लाज वाटत होती. दोन वर्षांपूर्वी तो वारला. सौ.ला हे मी सांगितले ते यंदा, अष्टमीच्या रात्री, लग्नानंतर पन्नास वर्षांनी.

तिने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "मग एवढे सगळे झाल्यावरही तुम्ही तिला तिथे नेऊन सोडता?"

या प्रश्नावर मी बराच विचार केला आहे. आपल्या बडोद्याशी संबंध असलेले एक उदाहरण मला यात साहाय्य करते. दादासाहेब मावळंकर, गणेश वासुदेव मावळंकर, यांचा जन्म १८८८ साली येथलाच. वकिली अहमदाबादेस, १९१८ च्या खेडा सत्याग्रहापासून गांधीजींच्या कार्यात, अनेकदा तुरुंगवास, तुरुंगात भेटलेल्या कैद्यांच्या मनातील माणुसकीविषयी त्यांनी गुजरातीत एक पुस्तकही लिहिले. १९५२ पासून १९५६ मध्ये निधन होईपर्यंत ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष होते. याच गृहस्थांनी १९५१ साली भारताच्या राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना करण्यात पुढाकार घेतला, आणि आजही त्यांच्या नावाची अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा भरते. गांधीजींचा अनुयायी आणि रायफल संघटना, हे ऐकून पुष्कळांस विसंगती वाटते. परंतु खुद्द गांधीजींनीच १८७८ च्या हत्यारबंदीच्या कायद्यास, साऱ्या राष्ट्राचे हात रिकामे करणारा म्हणून, इंग्रजी राज्याच्या काळ्याकुट्ट कृत्यांत गणले होते. त्यांचा विचार असा की, मारण्याचे सामर्थ्यच नसलेल्याने न मारणे हा संयम नव्हे, ती असहायता होय.

हा विचार मला अर्धाच पटतो, हे नम्रपणे सांगतो. ज्याने जन्मात काठी धरली नाही त्याची अहिंसा खोटी, असे म्हटले तर आमची आई, आपल्या आज्या, यांच्या साऱ्या जन्माच्या सोसण्यास आपण काहीच किंमत देत नाही असे होईल. शिवाय निःशस्त्र कोणीच नसतो. जीभ प्रत्येकाला आहे, आणि घरोघर ती किती वेळा न पाहता झाडली जाते ते आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु उरलेला अर्धा मला पुरतेपणी पटतो. ज्याच्या हाती सामर्थ्य यावयाचेच आहे, आणि आजच्या मुलांच्या हाती कोणते सामर्थ्य यावयाचे राहिले आहे?, त्याने ते आवरणे कधीतरी, कोठेतरी, हातानेच शिकले पाहिजे. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा व अर्जुन दोघेही ब्रह्मास्त्र सोडतात. ऋषी म्हणतात, परत घ्या. अर्जुन परत घेतो. अश्वत्थाम्यास सोडणे येते, परत घेणे येत नाही, आणि त्याचे अस्त्र उत्तरेच्या गर्भावर जाऊन पडते. दोघांचा गुरू एकच. त्यातला एक तर गुरूचा मुलगा.

कोणी म्हणेल की, हे सारे दहा मीटरवरील वर्तुळासंबंधी ठीक आहे. पण सैन्यात व पोलिसांत तर माणसाच्या आकृतीच्या फळीवर नेम धरावयास शिकवितात, मग हा खेळ त्याच विद्येचे सोवळे नेसलेले रूप नव्हे काय? आहेच. ते नाकारून चालणार नाही. १९६६ च्या शिबिरात अशी एक फळी आम्ही पाहिली होती आणि तिच्या छातीवरच्या भोकांना आम्ही हसलो होतो. उस्ताद हसले नव्हते. वर्तुळ आणि आकृती यांतील फरक मला लहान वाटत नाही. मुलांच्या हाती रायफल द्यावयाची तर समोर वर्तुळच असावे, या मताचा मी आहे. सीमेवरच्या जवानाचा प्रश्न वेगळा आहे व तो आपल्या वतीने तेथे उभा आहे, हे विसरून त्याच्याविषयी घरबसल्या निवाडा देणे मला शोभणार नाही.

आणखी एक कबुली. गोळी मध्यावर बसली की मनात एक हर्ष उसळतो. तो मी अनुभवला आहे, नातीच्या चेहऱ्यावर पाहतोही. तो सारा शुद्ध नसतो. दुरून एखादी वस्तू भेदता येते, या सामर्थ्याचा त्यात अंश असतो. ज्या मुलास राग आवरत नाही, जे हरल्यावर वस्तू आपटते, त्यास या मैदानावर पाठविण्याची घाई करू नये. आणि ज्या घरी बंदूक प्रतिष्ठेसाठी खुंटीवर टांगलेली असते, लग्नाच्या वरातीत हवेत बार काढले जातात, तेथे तर ही विद्या पोहोचलेलीच नाही असे समजावे. हवेत गेलेली गोळी आकाशात राहत नाही, कोणाच्या तरी अंगणात उतरते. अशा बारांना २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली, ती उशिरानेच झाली म्हणावयाची. उलट, नातीची छर्र्याची रायफल हवेच्या दाबावर चालणारी असल्याने, ठराविक शक्तीच्या आत तिला २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. म्हणून ती खेळणे ठरत नाही. तो छर्राही डोळा घालवू शकतो. परवाना नसला की सावधपणाचा सारा भार घरावर येतो. आमच्या घरी ती कुलपात असते, छर्रे निराळ्या कुलपात असतात आणि दोन्ही किल्ल्या माझ्या जानव्याला. या किल्ल्यांवरून माझी चेष्टा होते, होवो.

सौ.च्या प्रश्नाचे उत्तर मी तिला त्या रात्री दिले नाही. एवढेच म्हणालो की, मी तिला तेथे नेतो ते त्या उस्तादांचे दोन शब्द कोणीतरी तिलाही ऐकवावेत म्हणून. तिला ते पटले असे दिसले नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी स्नान करून देवघरात आलो तेव्हा पाटावर तलवार, विळी, अडकित्ता मांडून झाले होते आणि नात दारात उभी होती. रायफल तिच्या हाती होती, नळीतून आरपार ओवलेला नारिंगी दोरा दोन्ही टोकांना लोंबत होता. सौ.ने विचारले, "हा दोरा कसला?" नातीने सांगितले की, नळी रिकामी आहे हे दुरूनही कोणालाही दिसावे म्हणून तो घालतात, मैदानावर तो काढण्याची आज्ञा होईपर्यंत कोणी काढीत नाही. सौ. काही बोलली नाही. पाटाच्या कडेचा अडकित्ता उचलून तिने तलवारीपलीकडे ठेवला. तेवढीच जागा झाली.

नात रायफल ठेवू लागली आणि थबकली. नळीचे तोंड पूर्वेच्या भिंतीकडे येत होते. ती भिंत आमची व शेजाऱ्यांची सामाईक आहे, आणि पलीकडे त्यांचे चार महिन्यांचे बाळ पाळण्यात असते. तिने पाटाला वळसा घातला आणि रायफल उलट्या बाजूने, अंगणाकडच्या जाड भिंतीकडे तोंड करून ठेविली. दोरा होता तसाच होता. मी हळदीकुंकवाची वाटी पुढे केली.

"थांबा," सौ. म्हणाली. आणि नातीकडे वळून, "उघडून दाखव."

तिने उघडून दाखविली.

"पुन्हा एकदा," सौ. म्हणाली, आणि चष्मा लावण्यासाठी आत गेली.